पाणी दिलेल्या चकत्या

नळदुर्ग
१६ सप्टेंबर २०२३

राजेश्वरी पोरी,

आशीर्वाद घे आणि आधी पार्सल नीट सोड. पुडक्यात लोखंडाचा तुकडा आहे, तो पायावर पाडून घेतलास तर उरलेला पायही प्लास्टरात जाईल. तुझी आई माकणीहून तुझ्या मामीला फोनवर सांगत होती, स्कूटी घसरून घोटा मोडला, डॉक्टरनं सहा आठवडे प्रवास बंद केला, तरी बाईसाहेब रिक्षा करून रोज लॅबमध्ये हजर. हा हट्ट आमच्या घराण्यातलाच आहे, त्यामुळे बोलायची सोय नाही.

फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. चाळीस वर्षं ग्राइंडर आणि हातोड्याशेजारी उभं राहून कान पार बसलेत. फोनवर तू बोलतेस आणि मी अंदाजानं हो हो म्हणतो. मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं जाड पडतात. तुकडा पाठवायचाच होता, म्हणून सोबत कागद.

काम असं आहे. ओढ्यापलीकडच्या माळावर सुभेदार अमरसिंहांनी नेमबाजीचं केंद्र काढलंय. समृद्धी तिथं नव्या पोरांना शिकवते, ते तुला ठाऊक आहेच. आजवर छऱ्याच्या बंदुका आणि कागदाची टार्गेटं होती. आता मोठ्या रायफलीची परवानगी आलीय आणि सुभेदारांना लोखंडी चकत्या टांगायच्यात. गोळी लागली की टण्ण वाजतं, नेम बसला का नाही ते जागेवर कळतं. जेवायच्या ताटाएवढ्या, दहा मिलिमीटर जाड, अशा सोळा चकत्या. नळदुर्गात पाच वर्कशॉप असताना ते काम माझ्याकडे आलं. दसऱ्याला उद्घाटन आहे आणि पहिला बार समृद्धी काढणार आहे. तुझी दैवशालामामी आतापासून लेकीचं कौतुक सगळ्या आळीला सांगत सुटलीय.

सुभेदार भले माणूस, पण फौजेतले. म्हणाले, "वैजनाथराव, तुमच्यावर इस्वास हाये. पर चकतीचा कडकपणा पाचशे हाये असा लॅबचा कागद पायजे. त्याबिगर म्या रायफल उचलू देणार न्हाय." मी म्हणालो, माझी सख्खी भाची कोल्हापूरच्या फाउंड्रीत लॅब सांभाळते, कागदाची काय काळजी.

प्लेट उत्तम आहे. खडीक्रशरच्या डंपरला हौद्याच्या तळाशी टाकतात ना, त्यातली उरलेली. मी कानस लावून पाहिली, चावत नाही, सरकते. हातोड्यानं वाजवून पाहिली, खणखणीत. माझा निकाल लागलेला आहे, तू फक्त शिक्का मार आणि उलट्या गाडीनं कागद धाड.

तुझा,
वैजनाथमामा


कोल्हापूर
२२ सप्टेंबर २०२३

मामा,

नमस्कार. पार्सल पायावर न पाडता सोडलं. मामींना सांगा, तुकड्याभोवती गुंडाळलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर तेलाचा वास चढला होता, तरी दोन दिवसांत संपले.

तुमचा तुकडा घासून, पाच ठिकाणी मोजला. चारशे शहाण्णव ते पाचशे चार. तुमचा अंदाज बरोबर निघाला, प्लेट खरंच कडक आहे. सोबत रिपोर्ट आहे, सही-शिक्क्यासह.

आता रिपोर्टातली शेवटची ओळ वाचा, जी कुणीच वाचत नाही. "हा निष्कर्ष आलेल्या तुकड्यापुरताच आहे." मी तुमच्या सोळा चकत्या पाहिलेल्या नाहीत. मी हाताच्या पंजाएवढा एक तुकडा पाहिलाय.

यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल, म्हणून लिहिते. प्लेट कडक असेल तर रायफलीची गोळी तिच्यावर आपटून फुटते आणि तिचा चुरा प्लेटच्या अंगालगत बाजूला उडतो. म्हणून चकती वरून थोडी पुढं झुकवून टांगायची, म्हणजे चुरा खाली जमिनीत जातो. प्लेट मऊ असेल तर गोळी तिच्यात वाटीसारखा खड्डा पाडते. पुढची गोळी त्या वाटीत शिरली की वाटीच्या कडेनं वळून, जिथून आली तिकडंच परत येते. छऱ्याच्या बंदुकीला कुठलंही लोखंड चालतं. मोठ्या रायफलीला चालत नाही.

तेव्हा चार गोष्टी कळवा. तुकडा आणि सोळाही चकत्या एकाच प्लेटच्या आहेत का? चकत्या कशानं कापल्या? टांगायला काही वेल्ड केलं का? आणि कापल्यानंतर त्या विस्तवात घातल्या होत्या का?

एक मात्र सांगते, रागावू नका. साधी कानस पाचशेच्या प्लेटवर सुद्धा थोडी चावते. तुमची पूर्ण सरकली असेल तर एक तर कानस बोथट झालीय, नाहीतर ती वरच्या काळ्या पापुद्र्यावरून सरकली. आणि वाजवून तडा कळतो, कडकपणा कळत नाही. कान तपासायला सोलापूरला कधी जाताय?

तुमची,
राजेश्वरी


नळदुर्ग
२९ सप्टेंबर २०२३

राजेश्वरीस आशीर्वाद.

कागद मिळाला. सुभेदारांनी तो दोनदा वाचला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि ऑफिसात भिंतीवर लावला. शेवटची ओळ त्यांनी वाचली का, ते मला माहीत नाही. मी दाखवायला गेलो नाही.

तुझे प्रश्न वाचून असं वाटलं की मी परीक्षेला बसलोय आणि पेपर तपासणारीला मीच कडेवर घेऊन अंगणवाडीत सोडत होतो. असो. प्लेट एकच. तुकडा त्याच प्लेटच्या कोपऱ्याचा. चकत्या गॅसनं कापल्या, कापताना वरून पाण्याची धार धरली होती. वेल्ड काहीही केलं नाही, टांगायला वरच्या कडेला दोन भोकं पाडलीत आणि साखळी घालणार आहे. एवढं मलाही कळतं.

चकत्या आता ताटासारख्या सपाट झाल्यात, हात फिरवला तर कुठं उंचसखल लागत नाही. त्यावर पिवळा रंग मारलाय. वर्कशॉपसमोर ओळीनं उभ्या केल्या होत्या तर हायवेवरचे ट्रकवाले गाडी हळू करून बघत होते. ढाब्यावरचा उमाशंकर विचारायला आला, हे काय देवीच्या आराशीचं काम आहे का म्हणून.

काल गणपती गेले. समृद्धी घरी सतरंजीवर पालथी पडून लाकडाच्या दांड्यावर नेम धरायचा सराव करते. श्वास सोडते, थांबते, बोट ओढते. मी चहा पीत बघत बसतो. तिच्या वयात मी सोनारीला सिदूतात्या लोहारांचा भाता ओढत होतो. माझ्या हातचं लोखंड आणि तिच्या हातची रायफल, हे एका दिवशी एका माळावर लोकांना दिसणार आहे. माझ्यासारख्याला आयुष्यात असा दिवस किती वेळा येतो, तूच सांग. त्यामुळे आता खुसपटं काढू नकोस.

कान बरे आहेत.

वैजनाथमामा


कोल्हापूर
५ ऑक्टोबर २०२३

मामा, नमस्कार.

प्रश्न चार होते, उत्तरं तीन आली. चौथं कुठं आहे?

तुम्ही लिहिलंत, "चकत्या आता सपाट झाल्यात." आता झाल्यात, म्हणजे आधी नव्हत्या. डंपरच्या हौद्याची उरलेली प्लेट बाक घेतलेलीच असणार. पाचशेची प्लेट थंड असताना घणानं सरळ होत नाही, घण उडून तुमच्याच अंगावर येतो. तुमच्याकडे मोठा प्रेस नाही. पहारींना टोक काढायची कोळशाची भट्टी मात्र आहे. मी लहानपणी तिच्यात कणसं भाजलीत, तेव्हा ती नाही असं मला सांगू नका.

चकत्या भट्टीत घातल्या होत्या का? हो किंवा नाही, एवढंच हवंय.

सोबत सहा कानशी पाठवतेय. लॅबच्या आहेत, माझ्या नावावर आहेत, म्हणून जपून वापरा. प्रत्येकीवर आकडा आहे. त्यातली पन्नास लिहिलेली घ्या; तो आकडा वेगळ्या मापातला आहे, तुमच्या पाचशेच्या जरा खालचा. चकतीवरचा रंग आणि त्याखालचा काळा पापुद्रा घासून चकचकीत धातू उघडा करा आणि तिथं ती कानस चालवा. सरकली तर चकती कडक आहे. चावली, भुकटी पडली, तर ती चकती रायफलीसमोर टांगायची नाही. हे सोळाही चकत्यांवर करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मला तुमची खोड काढायची नाही. मला अंगणवाडीत कोण सोडत होतं ते मी विसरलेले नाही. शेजारची पोरं पाटी-पेन्सिल घेऊन खेळायची तेव्हा तुम्ही मला लोहचुंबक आणून दिलं होतं. मी आज या खुर्चीत आहे ती त्यामुळेच. पण पहिला बार समृद्धी काढणार आहे, डोळा नळीच्या रेषेत ठेवून. मऊ चकतीवरून परत येणारा तुकडा त्याच रेषेनं येतो. मला झोप लागत नाही, मामा.

राजेश्वरी


नळदुर्ग
१४ ऑक्टोबर २०२३

राजेश्वरी,

उद्या घट बसतील. घरात कुणाशी वाकडं बोलायचं नाही असे दिवस आहेत, म्हणून हे आजच लिहून टाकतो.

हो. घातल्या होत्या.

प्लेटला बाक होता. थंड ठोकून पाहिली, घण चेंडूसारखा उडत होता. मग एकेक चकती भट्टीत ठेवली, मधला भाग लाल झाला की ऐरणीवर घेऊन सरळ केली. आणि तशीच सोडली नाही. प्रत्येकीला पाणी दिलं. सिदूतात्यांनी मला जे शिकवलं ते हेच. विळा असो, कुऱ्हाड असो, विस्तवातनं निघालेलं लोखंड मेलेलं असतं, पाणी दिलं की पुन्हा जिवंत होतं. त्या म्हाताऱ्यानं पाणी दिलेले कोयते आजही परांड्याच्या अर्ध्या तालुक्यात ऊस तोडतात. त्यांच्याकडे लॅब नव्हती आणि आकडे लिहिलेल्या कानशी नव्हत्या. ते नुसत्या रंगावरून ओळखायचे, सूर्य उगवायच्या आधी भट्टी पेटवायचे, कारण उजेडात लोखंडाचा खरा रंग दिसत नाही. हे सगळं चूक आणि तुझं मशीन तेवढं बरोबर, असं तुझं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट लिही.

तुझी कानस मी वापरली. सोळाही चकत्यांच्या बरोबर मधोमध रंग खरवडला, घासलं आणि पन्नासची चालवली. काचेवरून चालवल्यासारखी सरकली. एकीवरही भुकटी पडली नाही. दैवशाला साक्षीला आहे, ती शेजारी उभी होती आणि पाणी भरायला उशीर होतोय म्हणून मला बोलत होती. हे खोटं नाही.

चकत्या परवाच माळावर नेऊन टांगल्या. तू सांगितल्याप्रमाणे पुढं झुकवून टांगल्यात. निमंत्रणपत्रिका छापून आल्यात, त्यात खाली माझ्या वर्कशॉपचं नाव आहे. सुभेदारांनी स्वतः घातलं, मी सांगितलं नव्हतं. आता मी त्यांना जाऊन सांगू का, की माझ्या भाचीला कोल्हापुरात झोप लागत नाही, तेव्हा चकत्या उतरवा?

आणि आणखी एक, विचारतेस म्हणून. प्लेट वाजवून पाहिली म्हणालो होतो. मला त्यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. नुसती हाताला थरथर लागली. पूर्वी ऐकू यायचं, म्हणून तसं लिहिलं. एवढं कबूल केल्यावर तरी पुरे कर.

वैजनाथमामा


कोल्हापूर
१८ ऑक्टोबर २०२३

मामा,

तुम्ही खरं लिहिलंत, त्याबद्दल आधी नमस्कार करते.

सिदूतात्या चूक नव्हते. विळ्याचं पातं बोटभर रुंद, ते सगळंच्या सगळं एकदम लाल होतं, म्हणून पाणी सगळ्याला लागतं. तुमची चकती ताटाएवढी आहे. तुम्हीच लिहिलंत, मधला भाग लाल केला. मधला भाग लाल झाला आणि पाण्यानं पुन्हा कडक झाला, म्हणून कानस तिथं सरकली. मला त्याचं नवल वाटत नाही. पण मधल्या भागाच्या भोवती जो पट्टा आहे, तो लाल झाला नाही, नुसता निळा पडण्याइतका तापला. ही प्लेट कारखान्यातूनच कडक होऊन येते, आणि एवढ्या उष्णतेनं ते कडकपण निघून जातं. तो भाग लाल झालेला नसल्यामुळे पाण्यानं परत येत नाही. म्हणजे मध्ये कडक, भोवती मऊ कडं, असं प्रत्येक चकतीत असणार. तुम्ही कानस लावलीत ती नेमकी मध्ये. मी जागा सांगितली नव्हती, ही माझी चूक.

मधल्या बिंदूपासून चार बोटं बाहेर कानस लावा. तिथं ती चावेल अशी मला भीती आहे. चावली नाही तर मी स्वतः येऊन सुभेदारांसमोर तुमची माफी मागेन.

आज तीनदा समृद्धीचा नंबर काढला आणि ठेवून दिला. तुमच्या मालाबद्दल तुमच्या लेकीला तुमच्या पाठीमागे सांगणं मला जमेना. तुम्ही घरात कसे जेवायला बसाल, तेच डोळ्यासमोर येत राहिलं. पण मामा, ही भीड मी किती दिवस धरू? २३ तारखेला खंडेनवमी आहे. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तुमचा निरोप आला नाही, कुणाच्या तरी मोबाइलवरून "उतरवल्या" एवढा एक शब्द आला नाही, तर सहा वाजता मी समृद्धीला फोन करून सगळं सांगणार आहे. मग तुम्ही मला आयुष्यभर घरात घेतलं नाही तरी चालेल.

हे पत्र आजच्या आज गाडीवर टाकतेय. नवरात्रात सोलापूरहून पुढच्या गाड्या तुळजापूरच्या यात्रेला वळवतात, पार्सल कुठं अडकेल सांगता येत नाही, म्हणून कंडक्टरला दोनदा बजावलंय.

राजेश्वरी


नळदुर्ग
२५ ऑक्टोबर २०२३

राजेश्वरी,

सगळे सुखरूप आहेत. समृद्धीनं तुला फोनवर तेवढं सांगितलं. बाकीचं सांगू नको असं तिला मीच म्हणालो, कारण ते मला माझ्या हातानं लिहायचं होतं.

तुझं अठरा तारखेचं पत्र मला काल, दसऱ्याच्या दुपारी मिळालं. पाच दिवस ते सोलापूरच्या स्टँडवर यात्रेच्या गोण्यांखाली पडून होतं. तू सहा वाजेपर्यंतची मुदत दिलीस, ती मला कळलीच नव्हती. परवा संध्याकाळी समृद्धीच्या मोबाइलवर तुझे नऊ फोन येऊन गेले तेव्हा आम्ही सगळे माळावर बांधाच्या मागं होतो आणि मोबाइल ऑफिसच्या टेबलावर होता.

परवा खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी वर्कशॉप बंद, हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं. हातोडे, पाने, ग्राइंडर, गॅसचं नोझल, सगळं मांडलं. तुझ्या सहा कानशीही ओळीनं ठेवल्या, लॅबच्या असल्या म्हणून काय झालं. दैवशाला म्हणाली, "तुमी यंदा केलेलं मोठं काम त्या चकत्यांचं, त्यातली एक तरी पूजेला पायजे व्हती." सोळा टांगलेल्या होत्या, पण सतरावी जास्तीची करून ठेवलेली होती. तीही भट्टीतून निघालेली, नुसता रंग मारायचा राहिला होता. ती आणली. पूजेला ठेवायची म्हणून वरचा काळा पापुद्रा सगळा घासून काढला, पार कडेपर्यंत, आरशासारखी केली. आणि पाटावर ठेवताना तुझी पन्नासची कानस सहज उचलून तिच्यावर आडवी ओढली, या काठापासून त्या काठापर्यंत.

मध्ये सरकली. बाहेर आल्यावर अडली. मी परत ओढली. पाटावर भुकटी पडली, हळदीवर काळी दिसत होती. बोटं लावून मोजलं, मधल्यापासून चार. तू पत्रात तेच लिहिलंस हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पूजा तशीच टाकून माळावर गेलो. दैवशाला मागून हाका मारत होती, त्या मला ऐकू आल्या नाहीत असं मी नंतर सांगितलं. सुभेदार मांडव घालून घेत होते. सोळाही चकत्यांना चार बोटं बाहेर कानस लावली. तेरांवर चावली. सगळ्यांसमोर सांगितलं की माल खराब आहे, दोष माझा आहे, चकत्या उतरवा. सुभेदारांचा चेहरा मला बघवेना. तहसीलदारांना बोलावलेलं, पत्रिका गावभर गेलेल्या. त्यांनी एका चकतीवरची भुकटी बोटावर घेऊन बघितली. मग म्हणाले, "वैजनाथराव, कानशीचं मला कळत न्हाय, गोळीचं कळतं. मारून बघू. पर माणूस ठिवायचा न्हाय."

रायफल वाळूच्या पोत्यांत घट्ट बसवली, नेम चकतीच्या त्याच पट्ट्यावर धरला आणि घोड्याला लांब दोरी बांधली. जिथं समृद्धी पालथी पडणार होती तिथं मांडवातली एक प्लायवूडची फळी उभी रोवायला सांगितली. ती मी रोवली. खडूचा तुकडा घेऊन तिच्यावर एक रेघ मारली, जमिनीपासून दीड वीत. घरात सतरंजीवर ती नेम धरून पडते तेव्हा तिचं कपाळ तेवढ्या उंचीला येतं, मी रोज बघतो. मग सगळे बांधामागं गेलो.

पहिल्या तीन गोळ्यांना काही झालं नाही. समृद्धी म्हणाली चांगल्या वाजल्या. चौथी वेगळी वाजली म्हणे, बसक्या आवाजाची. पाचवीनंतर सुभेदारांनी दोरी खाली टाकली आणि रायफल रिकामी करून आम्हाला बोलावलं.

चकतीत वाटी पडलेली होती, माझा अंगठा आत मावेल एवढी. फळीत गोळीच्या तांब्याच्या कवचाचा नखाएवढा तुकडा घुसला होता. रेघ कपाळाची होती. तुकडा रेघेच्या दोन बोटं खाली होता, म्हणजे डोळ्यात.

सुभेदारांनी टोपी काढली आणि तिथंच मातीत बसले. रात्र व्हायच्या आत सगळ्या चकत्या उतरवून माझ्या टेम्पोत घातल्या, कडक निघालेल्या तीनही ठेवल्या नाहीत. दसऱ्याला कागदाची टार्गेटं लावून उद्घाटन झालं, समृद्धीनं पहिला बार काढला, नेम बरोबर बसला. लोकांना काही वेगळं वाटलं नाही. सुभेदारांनी भाषणात माझं नाव घेतलं नाही आणि मला दोषही दिला नाही. नव्या चकत्या करायच्या झाल्या तर लेझरनं कापून आणू, विस्तवाजवळ नेणार नाही आणि प्रत्येक चकती आधी तुझ्याकडे येईल, असं मी त्यांना सांगितलंय. ते विचार करतो म्हणाले.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते.

परवा फळीजवळ सगळे पांगल्यावर समृद्धी उकिडवी बसली. आधी त्या तुकड्यावर बोट ठेवलं, मग खडूच्या रेघेवर. मला ऐकू यावं म्हणून तोंड माझ्याकडं करून मोठ्यानं म्हणाली, "आबा, ही रेघ कशाची वडली तुमी?"

मी म्हणालो, "तुझ्या कपाळाची."

तिनं रेघेवरचं बोट काढून घेतलं. म्हणाली, "मंजी तुमाला म्हाईत व्हतं."

मी म्हणालो, आज सकाळी कळलं, पूजेच्या वेळी. तिनं मान डोलावली आणि रायफल साफ करायला गेली. तिला ते पटलं असेल. पण ते खरं नाही, राजेश्वरी. सप्टेंबरात पहिली चकती भट्टीतून काढली, पाणी दिलं, पूर्ण गार झाल्यावर सवयीनं कडेशी हातोडा मारून पाहिला. आधी त्याच प्लेटवर घण उडत होता, आणि आता साध्या हातोड्याची खूण उमटली. बोटाला लागत होती. मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. त्या खुणेवर ग्राइंडर फिरवून ती घालवली, वरून पिवळा रंग मारला आणि मग बसून तुला पत्र लिहिलं की चकत्या ताटासारख्या सपाट झाल्यात.

वैजनाथमामा